पहिल्या महायुद्धातील गाण्यांचा चार सीडींचा संच : काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्यात घेतलेल्या या संचातील तिसरी, म्हणजे फ्रेंच गाण्यांची सीडी आता 'ला मादलों'च्या मध्यावर अडकते. सीडी पुसून पाहिली, शेजाऱ्यांच्या प्लेअरवर लावून पाहिली. अडकण्याची जागा तीच. विक्रेत्याने आधी खोके उघडतानाची चित्रफीत मागितली आणि मग परत घेण्याची मुदत उलटल्याचे कळवले. अडीच हजार रुपयांच्या आसपास किंमत मोजल्यावर हे उत्तर गोड लागत नाही, आणि त्याची थोडी आंबट चव पुढील मजकुरात उतरली असेल. तरीही माझी मुख्य तक्रार अडकणाऱ्या सीडीबद्दल नाही. ती वेगाबद्दल आहे.

या काळातील तबकड्यांना आपण सरसकट '78 आरपीएम'च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेऱ्यांच्या, म्हणतो. परंतु 1925 मध्ये कर्ण्याऐवजी मायक्रोफोनने होणारे विद्युत ध्वनिमुद्रण सुरू होईपर्यंत, किंबहुना त्यानंतरही काही काळ, प्रत्येक कंपनीचा वेग निराळा असे. व्हिक्टर या अमेरिकन कंपनीच्या अनेक तबकड्या मिनिटाला 76 फेऱ्यांच्या आसपास घेतलेल्या आहेत, तर एडिसनच्या जाड डायमंड डिस्क 80 फेऱ्यांच्या. 76 ची तबकडी 78 ने फिरवली की स्वर सुमारे अडीच टक्के चढतो, म्हणजे पेटीवरील पांढरी एक आणि काळी एक यांच्यातील अंतराच्या जवळजवळ निम्मा. आणि 80 ची तबकडी 78 ने फिरवली की तो साधारण तितकाच उतरतो. या संचात सगळ्या तबकड्या डोळे मिटून 78 ने फिरवल्या आहेत. त्यामुळे व्हिक्टरच्या गाण्यामागून एडिसनचे गाणे लागले की कोणीतरी मध्येच पट्टी बदलल्यासारखे वाटते. जुन्या नाट्यपदांच्या तबकड्या ऐकणाऱ्यांना हा त्रास वेगळा सांगायला नको.

सर्वांत जास्त खटकते ते अमेरिकन गायक बिली मरे यांच्या चौघा गायकांच्या चौकडीबाबत. व्हिक्टरसाठी गाताना ही मंडळी 'अमेरिकन क्वार्टेट' म्हणवत आणि एडिसनसाठी गाताना 'प्रीमिअर क्वार्टेट'. पुस्तिकेत ही दोन वेगळी पथके असल्यासारखी नोंद आहे, आणि चुकीच्या वेगामुळे कानालाही ती वेगळीच वाटतात : एकीकडे मरे यांचा आधीच धारदार असलेला आवाज चिरकतो, तर दुसरीकडे तेच गृहस्थ पडसे झाल्यासारखे गातात. इटालियन ऑपेरा गायक एन्रिको कारुसो यांनी 1918 मध्ये व्हिक्टरसाठी गायलेल्या 'ओव्हर देअर' या अमेरिकन युद्धगीताचीही अशीच गत झाली आहे. ज्या आवाजाच्या भरदारपणावर सारा डोलारा उभा, तोच इथे अंमळ पातळ झाला आहे. मी आता संगणकावर वेग अडीच टक्के कमी करूनच हे गाणे ऐकतो, आणि हे काम विकत घेणाऱ्याने का करावे, याचे उत्तर मला मिळालेले नाही.

अमेरिकन गाण्यांच्या चौथ्या सीडीबद्दल माझे मत मात्र पुरते बदलले. पहिल्या आठवड्यांत ती मला निव्वळ बढाईखोर वाटून मी बाजूला ठेवली होती. या एकाच सीडीवर गाणी कालक्रमाने लावली आहेत, हे नंतर लक्षात आले आणि तिचा खरा अर्थ कळू लागला. 1915 मध्ये अमेरिका युद्धाबाहेर असताना 'आय डिडन्ट रेझ माय बॉय टू बी अ सोल्जर' हे मुलाला सैन्यात न धाडू पाहणाऱ्या आईचे गाणे तिथे तुफान चालले. एप्रिल 1917 मध्ये देश युद्धात उतरताच जॉर्ज एम. कोहान यांनी 'ओव्हर देअर' लिहिले. पीअरलेस क्वार्टेट या दुसऱ्या एका चौकडीने आईचे गाणेही गायले आणि कोहान यांचेही. दोन्हींत तोच दणदणीत उत्साह आहे. बाजार फिरला तसे गळेही फिरले, आणि ही सीडी सलग ऐकताना ते जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही प्रस्तावनेने झाले नसते.

ब्रिटिश गाण्यांच्या पहिल्या दोन सीडींवर कालक्रम पाळलेला नाही आणि पुस्तिकेत सालेही नाहीत; युद्धगीतांच्या संचात ही कंजुषी अक्षम्य आहे. 'टिपररी' हे मुळात युद्धाचे गाणेच नव्हे. जॅक जज यांनी ते जानेवारी 1912 मध्ये स्टेलिब्रिज येथील रंगमंचावर गायले, आणि ऑगस्ट 1914 मध्ये कनॉट रेंजर्स या ब्रिटिश सैन्यातील आयरिश पलटणीचे सैनिक बुलोन्य या फ्रेंच बंदरातून ते गात गेल्याची बातमी डेली मेल या वृत्तपत्राने छापल्यावर ते सर्वतोमुखी झाले. 'कीप द होम फायर्स बर्निंग' 1914 चे. त्याचे शब्द लिहिणाऱ्या लीना गिल्बर्ट फोर्ड मार्च 1918 मध्ये लंडनवरील हवाई हल्ल्यात मारल्या गेल्या. 'पॅक अप युअर ट्रबल्स' 1915 चे, स्पर्धेसाठी पॉवेल बंधूंनी रचलेले. पुस्तिकेची चार पाने सैनिकांच्या गुळगुळीत छायाचित्रांवर खर्च झाली आहेत. एवढी माहिती त्यातील अर्ध्या पानात सहज मावली असती.

पैशांचा हिशेब मांडायचा तर अमेरिकन भाग विकत घेण्याची गरजच नाही. 1923 पूर्वीची ध्वनिमुद्रणे 1 जानेवारी 2022 पासून अमेरिकेत स्वामित्वहक्कातून मुक्त झाली आहेत आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 'नॅशनल ज्यूकबॉक्स'वर व्हिक्टरच्या हजारो तबकड्या ध्वनिमुद्रणाच्या तारखेसह फुकट ऐकता येतात. हे कळल्यावर माझा थोडा तिळपापड झाला, हे नाकारत नाही. मात्र ब्रिटिश म्युझिक हॉलची, म्हणजे तिथल्या लोकप्रिय करमणुकीच्या रंगमंचावरील, गाणी तिथे इतकी एकत्र सापडत नाहीत, आणि खरखर काढताना आवाजाचा जीव न काढण्याचे भान या संचकर्त्यांनी नक्की ठेवले आहे. कर्ण्यासमोर उभे राहून गाणाऱ्याच्या श्वासाची चाहूल पहिल्या सीडीवर जागोजागी लागते.

तेव्हा पहिल्या दोन सीडी सुट्या मिळत असतील तर घ्याव्यात. पूर्ण संच निम्म्या किमतीला आला तरच विचार करावा, आणि तो आलाच तर चारही सीडी मुदतीच्या आत शेवटपर्यंत वाजवून पाहाव्यात. खोके उघडताना फोन सुरू ठेवावा.