जुन्या जीपचा रंग: इनॅमल, एनसी की पीयू?

नोंदणीची १५ वर्षे संपून गाडी पुन्हा पासिंगला न्यायची वेळ आली, की जुन्या जीपच्या मालकाला दोन गोष्टी एकदमच कळतात. एक म्हणजे पायाखालचा पत्रा जागोजागी चाळणीसारखा झालेला असतो, आणि दुसरी म्हणजे संपूर्ण रंगकामाचा गॅरेजमध्ये सांगितलेला आकडा पगाराच्या हिशेबात कुठेच बसत नाही. प्रस्तुत आढावा अशा मालकासाठी आहे, ज्याची महिंद्रा एमएम ५४०, मेजर किंवा मारुती जिप्सी प्रदर्शनात उभी राहत नाही, तर पावसाळ्यात चिखलात आणि हिवाळ्यात घाटवाटांवर खरोखर चालते.

आपल्याकडे अशा गाडीपुढे तीन मार्ग असतात: हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा सिंथेटिक इनॅमल ब्रश किंवा रोलरने स्वतः लावणे, नाक्यावरच्या पेंटरकडून एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंगाचा फवारा मारून घेणे, किंवा गॅरेजमध्ये हार्डनर मिसळून मारला जाणारा दोन घटकांचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग देणे. गेल्या हिवाळ्यात माझ्या एमएम ५४० साठी मी चौकशी केली, तेव्हा पीयूसाठी ४५,००० रुपये आणि एनसीसाठी २२,००० रुपये सांगण्यात आले. इनॅमलचे सर्व साहित्य, म्हणजे रंग, प्रायमर, टर्पेंटाईन, पॉलिश पेपर, पुट्टी आणि रोलर, ६,००० रुपयांच्या आत बसत होते. हे आकडे गावागणिक बदलतील, परंतु त्यांच्यातील अंतराचे कारण सगळीकडे एकच आहे, आणि ते रंगाच्या डब्यात नाही. पीयूचा रंग महाग असला, तरी त्या ४५,००० मधील मोठा हिस्सा जुना रंग घासणे, पत्रा सरळ करणे, पुट्टी भरणे आणि ती पुन्हा घासणे या मजुरीचा होता. म्हणून कोणता रंग घ्यावा, यापेक्षा घासकाम कोण करणार, हा प्रश्न मी आधी सोडवायला सांगेन.

इनॅमलबद्दल गॅरेजवाले नाक मुरडतात, आणि त्यात तथ्य आहे. हा रंग हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन वाळतो, त्यामुळे वरवर सहा-आठ तासांत सुकला, तरी आतून पूर्ण टणक व्हायला काही आठवडे लागतात; तोवर त्यावर दोरी आवळली किंवा ताडपत्री घट्ट बांधली, तर तिचा ठसा कायमचा राहतो. सतत उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीवर दोन-तीन वर्षांत त्याची चमक जाते आणि हात फिरवला तर बोटांना रंगाची भुकटी लागते. असे असूनही जीपच्या बाबतीत त्याचे पारडे जड आहे, कारण जीपचा पत्रा बहुतांशी सपाट असतो. मोटारीच्या गोलाईदार दारावर रोलरची खूण लपत नाही. जीपच्या बाजूच्या पत्र्यावर, मडगार्डवर आणि बॉनेटवर ती जवळपास लपते. रंगात दहा-पंधरा टक्के टर्पेंटाईन मिसळावे, चार इंची फोमच्या रोलरने एका वेळी एकच पत्रा रंगवावा, आणि तो ओला असतानाच कोरड्या मऊ ब्रशचा हलका हात एकाच दिशेने शेवटपर्यंत फिरवावा, म्हणजे रोलरने उठवलेले बुडबुडे बसतात. दोन थरांमध्ये पूर्ण एक दिवस जाऊ द्यावा आणि ६०० नंबरच्या पेपरने पाणी घेऊन हलके घासावे. छोट्या जीपला आतून-बाहेरून दोन थरांसाठी साधारण चार लिटर रंग पुरतो. काम संपल्यावर पाच फुटांवरून गाडी चांगली दिसते. एका फुटावरून ती हाताने रंगवलेलीच दिसते, आणि ज्याला हे सलणार असेल, त्याने या वाटेला जाऊ नये.

एनसीचा मोह वेगळा असतो. हा रंग निव्वळ थिनर उडून गेल्याने वाळतो, त्यामुळे पेंटर सकाळी सुरुवात करून संध्याकाळपर्यंत अनेक थर मारू शकतो, मध्येच धूळ बसली तर घासून पुढे जाऊ शकतो, आणि शेवटी रबिंग कंपाउंडने चमक काढतो. उघड्या शेडमध्ये काम करणाऱ्या माणसाला हा रंग सोयीचा वाटतो, यात नवल नाही. मात्र हा रंग थिनरमध्ये कायम विरघळणाराच राहतो आणि पेट्रोलच्या ओघळानेही मऊ पडतो. त्यामुळे जिप्सीसारख्या पेट्रोल गाडीत टाकीच्या तोंडाखालचा पट्टा सर्वांत आधी खराब होतो. शिवाय दमट हवेत एनसी मारला, तर थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतील बाष्प त्यावर धरते आणि रंगावर पांढुरकी झाक येते. कोकणात जूनपासून ऑक्टोबरपर्यंत एनसीचे काम काढूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खरे तर तिन्ही रंगांसाठी दिवाळीनंतरचे तीन महिने उत्तम. एप्रिलच्या उन्हात फवारा पत्र्यावर पोहोचेपर्यंत अर्धवट वाळतो आणि खरखरीत बसतो.

पीयूला टिकाऊपणात या दोघांपैकी कुणाचीच सर नाही. हार्डनरशी रासायनिक क्रिया होऊन तो कडक होतो, मग त्याला पेट्रोल, डिझेल किंवा थिनर सहजी काही करू शकत नाही, आणि ओरखडे पॉलिश करून काढता येतात. पण तो घरी फवारण्याचा विचार करणाऱ्यांना एक गोष्ट गंभीरपणे सांगायला हवी. हार्डनरमधील आयसोसायनेट फुप्फुसांना अपायकारक असते आणि त्याने कायमचा दमा जडू शकतो. कापडी किंवा कागदी मास्क त्यापुढे निरुपयोगी असतो, आणि सुरक्षित कामासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. इमारतीच्या पार्किंगमध्ये, शेजाऱ्यांच्या खिडकीखाली भाड्याचा कॉम्प्रेसर लावून पीयू मारणे हा काटकसरीचा मार्ग नव्हे. त्याची दुसरी अडचण जीपपुरती आहे: करवंदीच्या जाळीतून गाडी काढल्यावर पत्र्यापर्यंत गेलेला खोल ओरखडा पीयूमध्ये बेमालूम बुजवायचा, तर पुन्हा गॅरेज गाठावे लागते, तर इनॅमलमध्ये तोच ओरखडा रविवारी सकाळी छोट्या ब्रशने मिटतो.

विनाईलचे आवरण आणि स्प्रेचे डबे यांचाही विचार लोक करतात. गंजलेल्या, उंचसखल पत्र्यावर आवरण चिकटत नाही, आणि सबंध जीप डब्यांनी रंगवायची म्हटले, तर ते लिटरच्या हिशेबाने सर्वांत महाग पडतात. बिजागऱ्या आणि आरशाच्या कड्या यांपलीकडे त्यांचा उपयोग करू नये.

आता एक चूक, जी मी स्वतः केली आहे. काही वर्षांपूर्वी बॉनेटवर कोणता रंग आहे हे न पाहता मी त्यावर एनसी मारून घेतला. खाली जुना इनॅमल होता. पहिला थर बसून दोन मिनिटे झाली असतील, तोच मधल्या उंचवट्याजवळ बारीक सुरकुत्या उठू लागल्या आणि पाहता पाहता सबंध बॉनेट तव्यावरच्या पापडासारखे फुगले. दोन दिवस खरवडून ते पत्र्यापर्यंत उघडे करावे लागले. हे टाळण्यासाठी डॅशबोर्डच्या खाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी, एनसी थिनरमध्ये भिजवलेली पांढरी चिंधी अर्धा मिनिट दाबून धरावी. चिंधीला रंग सहज उतरला, तर खाली एनसी आहे; रंग फुगून सुरकुतला, तर इनॅमल आहे; काहीच झाले नाही, तर बहुधा कंपनीचा मूळ भट्टीत भाजलेला रंग किंवा पीयू आहे. जुन्या इनॅमलवर नवा इनॅमल निर्धास्त चालतो, एनसी किंवा पीयू मारायचा असेल, तर तो आधी पूर्ण उतरवावा लागतो, आणि इथेच या दोन मार्गांचा खर्च वाढतो.

प्रायमरच्या बाबतीतही असाच फरक आहे. नेहमीचा रेड ऑक्साइड इनॅमलखाली चालतो, पीयूखाली मात्र तो उचलला जाण्याची भीती असते. शिवाय रेड ऑक्साइडमधून ओलावा आत जातो, म्हणून प्रायमर मारून गाडी महिनाभर पावसात उभी ठेवली, तर खाली पुन्हा गंज धरतो. खर्चात कुठे हात सैल सोडायचा असेल, तर तो दोन घटकांच्या एपॉक्सी प्रायमरवर सोडावा, विशेषतः पेडलखालच्या पत्र्याला, मागच्या सीटखालच्या कोपऱ्यांना आणि बॉडी चासिसवर टेकते त्या जागांना. जिथे पेचकस दाबला की आरपार जातो, तिथे पुट्टी भरू नये. पत्र्याचा तुकडा वेल्डिंग करून घ्यावा. पुट्टी पाणी शोषते, आणि तिच्याआड गंज वाढत राहून वर्षभरात वरचा रंग फोडून बाहेर येतो.

रंगाची छटा ठरवताना कायद्याकडेही पाहावे लागते. जीपला सैन्यासारखा हिरवा रंग देण्याची हौस पुष्कळांना असते, परंतु केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. इतर कोणता नवा रंग दिला, तर तो आरसीवर नोंदवून घ्यावा लागतो. म्हणून मूळ रंग राखणेच स्वस्त पडते. पत्रा उंचसखल असेल, तर मात्र त्याच रंगाची चकचकीत छटा न घेता मंद चमकेची घ्यावी, कारण चकचकीत रंग प्रत्येक ठोका दाखवतो.

माझ्यापुरता निर्णय असा झाला. पत्रा सडलेला आणि गाडी जंगलात जाणारी असल्यामुळे मी वेल्डिंगवर आणि एपॉक्सी प्रायमरवर खर्च केला आणि वर इनॅमल रोलरने लावला. ज्याच्या गाडीचा पत्रा मुळात ठणठणीत आहे आणि जिला घराखाली छप्पर आहे, त्याने काच, दिवे, बंपर आणि सीट स्वतः उतरवून, सर्व घासकाम स्वतः करून, गाडी फक्त प्रायमर आणि पीयूच्या फवाऱ्यासाठी गॅरेजमध्ये न्यावी; मला अशा कामाचे २०,००० रुपये सांगितले गेले होते. सगळेच गॅरेजवाले दुसऱ्याने घासलेल्या पत्र्यावर रंग मारायला तयार होत नाहीत, आणि तयार झाले, तरी हमी देत नाहीत, हे आधी बोलून घ्यावे. एनसी मी फक्त अशा गाडीला सुचवेन, जिच्यावर आधीपासून एनसीच आहे आणि जिचे एखादेच मडगार्ड रंगवायचे आहे.

कोणताही मार्ग घेतला, तरी पाव लिटर रंग शिल्लक ठेवावा. इनॅमल असेल, तर लहान बाटलीत काठोकाठ भरावा, म्हणजे वर साय धरत नाही. पीयू असेल, तर हार्डनर न मिसळलेला रंग वेगळा मागून घ्यावा आणि मिश्रणाचे प्रमाण बाटलीवरच लिहून ठेवावे.