थर हाताने लावायचे की मशीनने? कंपोझिट पार्ट करणाऱ्यांसाठी

कंपोझिट पार्ट म्हणजे कार्बन किंवा काचेचे तंतू आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन (घट्ट होणारा चिकट पदार्थ) यांचे थर एकावर एक लावून केलेला पार्ट. हे थर लावायला "मशीन घ्यावं का?" असं विचारायला येणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा मशीनचं माहितीपत्रक असतं. मी आधी पार्टचं ड्रॉइंग मागतो. आतल्या बाजूला वळणारे कोपरे किती, त्यांची त्रिज्या काय, सगळ्यांत लहान थर केवढा आणि वर्षाला असे जॉब किती, एवढं पाहिलं की निम्मा निर्णय तिथेच होतो.

त्याआधी एक घोळ निस्तरायला हवा. 'हँड ले-अप', म्हणजे हाताने थर लावणं, म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे गेलकोट (पार्टच्या बाहेरच्या पृष्ठभागाचा रेझिनचा लेप) मारलेला साचा, त्यावर अंथरलेली ग्लास फायबरची मॅट, बादलीत हार्डनर घालून ढवळलेलं पॉलिएस्टर रेझिन आणि त्या रेझिनमधल्या स्टायरीनचा तो डोक्यात जाणारा वास येतो. ते ओलं काम. विणलेलं कापड वापरलं तरी त्यात तंतूंचं प्रमाण आकारमानाने 30-40 टक्क्यांच्या पुढे सहसा जात नाही, मॅट असेल तर त्याहून कमी. बाकी सगळं रेझिन, म्हणजे फुकट वाहायचं वजन. तुमचा माल टाक्या, होड्या, कव्हर अशा जातीचा असेल, तर थर लावणाऱ्या मशीनचा विचार सोडून द्या आणि व्हॅक्यूम इन्फ्युजनकडे बघा. कोरडं कापड साच्यात लावायचं, वर पिशवी सील करायची आणि निर्वाताने रेझिन आत ओढून घ्यायचं. पैसे त्यात वाचतील, वासही जाईल.

मशीनशी तुलना करायची ती प्रीप्रेगच्या हातकामाची. प्रीप्रेग म्हणजे रेझिन आधीच मोजून भरलेलं कापड किंवा एकाच दिशेच्या तंतूंचा पट्टा. तो उणे 18 अंश सेल्सिअसला ठेवतात आणि बाहेर काढल्यावर पिशवी बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ देतात, नाहीतर त्यावर दव धरतं आणि तेच पाणी पुढे लॅमिनेटमध्ये, म्हणजे एकजीव झालेल्या थरांत, पोकळ्या करतं. इपॉक्सी रेझिनच्या बऱ्याच प्रीप्रेगांना फ्रीझरबाहेर साधारण 30 दिवसांचं आयुष्य असतं. थर लावून, वर निर्वाताची पिशवी चढवून जॉब ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखाली तापवणाऱ्या बंद भट्टीत) गेला, 180 अंश आणि 6-7 बार दाबाखाली शिजला, की तंतूंचं प्रमाण 60 टक्क्यांच्या आसपास येतं. एवढं झाल्यावर तयार पार्ट हातात घेऊन तो हाताचा की मशीनचा, हे सांगणं सोपं नसतं.

मशीनच्याही दोन जाती आहेत. ऑटोमेटेड टेप लेइंग, म्हणजे एटीएल, 75, 150 किंवा 300 मिलिमीटर रुंदीचा पट्टा अंथरतं. सपाट किंवा जेमतेम वळलेल्या मोठ्या पृष्ठभागासाठी ते नामी. ऑटोमेटेड फायबर प्लेसमेंट, म्हणजे एएफपी, 3.2, 6.35 किंवा 12.7 मिलिमीटरच्या अरुंद पट्ट्या शेजारी शेजारी घालतं. मशीनच्या एका हेडमधून, म्हणजे पट्ट्या घालणाऱ्या तोंडातून, 8, 16, कधी 32 पट्ट्या निघतात आणि प्रत्येक पट्टी हवी तिथे वेगळी कापता येते. वक्र आकाराचा प्रश्न असेल तर सामना हात आणि एएफपी यांच्यातच असतो.

कोपऱ्यात काय होतं

शिंप्याला उरेब कापड म्हणजे काय हे समजावावं लागत नाही. तिरकं धरलेलं कापड ओढलं की चौकटी कलंडतात आणि ते अंगावर बसतं. विणलेलं प्रीप्रेग साच्यात असंच बसतं, आणि ते बसवणं हे हाताचं काम आहे. हात बसलेला कारागीर थर आधी कोपऱ्याच्या तळाशी टेकवतो, तिथून बाहेर सरकत जातो. कडेकडून सुरुवात केली तर कोपऱ्यात कापड कमी पडतं, तंतू ताणून पुलासारखे वर राहतात, खाली पोकळी. अनेकांकडे टेफ्लॉन किंवा नायलॉनच्या तुकड्यातून स्वतः घासून केलेली पाचर असते, तिच्या धारेने ते थर खोबणीत दाबतात. दुसऱ्याची पाचर सहसा कोणी वापरत नाही. चिकटपणा कमी वाटला तर हॉट एअर गनची हलकी ऊब देतात. दर दोन-चार थरांनी तात्पुरती पिशवी लावून निर्वाताने थर दाबून घेतात. हे सगळं कुठल्या कागदावर लिहून दुसऱ्याला देता येत नाही, आणि हातकामाचं बळ आणि दुखणं दोन्ही तेच आहे. एकाच ड्रॉइंगवर दोन कारागीर बसवले तर त्यांचे तंतू वळणावर तंतोतंत एका कोनात येणार नाहीत.

एएफपीच्या हेडला पुढे रोलर असतो. पट्टी गरम करून तो ती खालच्या थरावर दाबतो. रोलरची त्रिज्या कोपऱ्याच्या त्रिज्येपेक्षा मोठी असेल तर तो कोपऱ्यात उतरतच नाही. इथे कुठलंही सॉफ्टवेअर मदतीला येत नाही. दुसरी अडचण वळणाची. 6.35 मिलिमीटरची पट्टी 600 मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर घातली तर आतल्या आणि बाहेरच्या कडेच्या लांबीत सुमारे 1 टक्का फरक पडतो. कार्बनचा तंतू तेवढा ताणला जात नाही, मग आतली कड फुगते आणि सुरकुत्या पडतात. 3.2 मिलिमीटरच्या पट्टीत हा फरक निम्मा होतो, पण तेवढ्याच जागेला दुप्पट पट्ट्या लागतात. तिसरी अडचण माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असते: कातर आणि रोलर यांच्यात अंतर असल्यामुळे त्या अंतरापेक्षा आखूड तुकडा मशीनला घालता येत नाही. बोल्टच्या भोकाभोवती जाडी वाढवणारे छोटे थर शेवटी माणसालाच लावावे लागतात.

वेगाचं गणित स्वतः करा

16 पट्ट्या, प्रत्येकी 6.35 मिलिमीटर, म्हणजे साधारण 10 सेंटिमीटरचा पट्टा. हेड सेकंदाला अर्धा मीटर धावलं तर तासाला 180 चौरस मीटर होतात. रेझिनसकट चौरस मीटरला 290 ग्रॅमचा माल धरला तर तासाला 52 किलो. अवघड आकारावर प्रीप्रेगचं हातकाम ढोबळ मानाने तासाला किलोभराच्या आसपास चालतं. 52 विरुद्ध 1 म्हटल्यावर कोणाचेही डोळे फिरतील.

आता जॉब एक मीटर लांबीचा आहे असं धरा. पट्टी पडायला 2 सेकंद. मग हेड उचलायचं, वळवायचं, पुढच्या ओळीवर आणून पुन्हा टेकवायचं, यात त्याहून जास्त सेकंद जातात. सहा मीटरच्या जॉबवर तेच वळण 12 सेकंदांच्या धावेनंतर येतं. म्हणून लांब पार्टवर मशीन शोभतं आणि आखूड पार्टवर ते बहुतेक वेळ हवेत फिरत असतं. वर रीळ बदलणं, तुटलेली पट्टी जोडणं, हेडच्या वाटांत साचलेला तंतूंचा भुसा काढणं आलं. हा भुसा गोळा होऊन थरावर पडला की तो थर थांबवून उचलायचा. आणि प्रत्येक थरानंतर तपासणी: दोन पट्ट्यांमधली फट, एकावर एक चढलेली कड, पीळ पडलेली पट्टी. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर त्या वेळात कोट्यवधींचं मशीन उभं असतं आणि एक माणूस बॅटरी घेऊन थराकडे बघत असतो. लेझरने पृष्ठभाग मोजून तपासणाऱ्या यंत्रणा आल्या आहेत, पण त्यांचा खर्च वेगळा धरायचा.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. पिशवी चढवणं, शिजवणं, कडा कापणं, अल्ट्रासाउंड तपासणी, यातलं काहीच मशीनमुळे कमी होत नाही. तुमच्याकडे एकच ऑटोक्लेव्ह असेल आणि त्याच्यापुढे आजच रांग असेल, तर थर दुप्पट वेगाने लागल्यावर रांग तेवढी वाढेल.

चुकांची जात वेगळी

प्रीप्रेगच्या एका बाजूला कागद असतो, दुसऱ्या बाजूला पातळ प्लास्टिकची फिल्म. ती विसरून राहिली तर थर त्या जागी चिकटतच नाहीत. माझ्या डोळ्यांसमोर एक जॉब असा गेला आहे. बाहेरून आरसा, स्कॅनवर मात्र तळहाताएवढा डाग. कोपऱ्यात फिल्मचा एक तुकडा फाटून राहिला होता. शिजलेल्या पार्टमधून तो काढायची सोय नसते. तेव्हापासून आम्ही प्रत्येक थराची फिल्म काढली की थराचा क्रमांक लिहून ती फळ्यावर चिकटवतो, तुकडे जुळवून ती पूर्ण आहे हे बघतो आणि मगच पुढचा थर. वेळखाऊ आहे, पण माझ्या मते हातकामात यापेक्षा स्वस्त विमा नाही. थराचा कोन चुकणं, 45 ऐवजी उणे 45 ला लावणं, ही दुसरी नेहमीची चूक. साच्यावर थराची कड दाखवणारा लेझर प्रोजेक्टर आल्यापासून ती बरीच कमी झाली आहे.

मशीन कोन चुकत नाही. प्रोग्रॅम चुकला तर मात्र ते तीच चूक प्रत्येक जॉबवर इमानेइतबारे करत राहतं. तिरक्या कडेवर पट्ट्या चौकोनी कापल्या जातात, त्यामुळे कड करवतीसारखी निघते. तिथे फट ठेवायची की पट्ट्या एकमेकींवर चढू द्यायच्या, हे डिझाइन करणाऱ्याने आधी ठरवायचं असतं. म्हणून हातासाठी काढलेलं ड्रॉइंग जसंच्या तसं मशीनला दिलं की भांडण ठरलेलं.

पैसा कुठे जातो

मालाची नासाडी मशीनमध्ये स्पष्ट कमी असते, कारण पट्टी हवी तेवढीच कापली जाते. हातकामात रुंद रोलमधून आकार कापले की मधले तुकडे भंगारात जातात. कार्बन प्रीप्रेगच्या भावात हे भंगार बोचतं. पण अरुंद पट्ट्या करायला तोच माल चिरून रिळावर गुंडाळावा लागतो, म्हणून किलोमागे तो महाग पडतो. या दोन गोष्टी एकमेकींना किती खातात हे तुमच्या पार्टच्या आकारावर आहे.

खरा खर्च डिझाइन बदलताना कळतो. हातकामात एक थर वाढवायचा तर कापणीची फाइल आणि थरांचा तक्ता बदलला की काम सुरू. मशीनवर ओळींच्या वाटा पुन्हा आखायच्या, टक्कर होत नाही हे तपासायचं, चाचणीचा जॉब घालायचा. विमानाचा पार्ट असेल तर प्रक्रियेची पात्रता पुन्हा सिद्ध करायची. तुमचा पार्ट अजून दर दोन महिन्यांनी बदलत असेल तर मशीनचं नावही काढू नका.

आणि माणसं कमी होतात हा समज अर्धाच खरा. साच्याभोवतीची माणसं कमी होतात, पण प्रोग्रॅमर, देखभालवाला आणि तपासणारा वाढतो. ती माणसं मिळायला कारागिरांइतकीच अवघड.

जगाने काय निवडलं

बोइंग 787 च्या रचनेत वजनाने 50 टक्के आणि एअरबस ए350 मध्ये 53 टक्के कंपोझिट आहे. 787 च्या धडाचे नळकांडे फिरत्या साच्यावर एएफपीने घडवले जातात: लांब, गोल, मोठ्या त्रिज्येचे, वर्षानुवर्षं तेच. मशीनने स्वतःसाठी मागून घ्यावा असा आकार. उलट, 1981 साली शर्यतीत उतरलेल्या मॅक्लारेन एमपी4/1 पासून फॉर्म्युला वनचं धड कार्बनचं झालं, आणि ते आजही हातानेच लावलं जातं, कारण गाड्या मोजक्या, कोपरे असंख्य आणि डिझाइन दर हंगामात नवं. पवनचक्क्यांच्या पात्यांची गंमत वेगळी. 2019 साली 107 मीटरचं पातं तयार झालं, पण एवढ्या अजस्र पात्यांतही कापड मुख्यतः माणसं साच्यात उतरून अंथरतात आणि रेझिन इन्फ्युजनने भरतात. तिथे माल स्वस्त आणि जाड, विमानाइतका काटेकोरपणा लागत नाही, म्हणून महागडं हेड परवडत नाही.

मधली वाटही आहे, आणि बहुतेकांना मी तीच सुचवतो. कापणीचं सीएनसी (संगणकाच्या आज्ञेने चालणारं) टेबल आणि लेझर प्रोजेक्टर घ्या, थर हातानेच लावा. मालाची नासाडी आणि कोनाच्या चुका, दोन्ही आटोक्यात येतात आणि हे पैसे मशीनच्या तुलनेत किरकोळ असतात. पार्ट लांब तुळईसारखा असेल तर सपाट थर एटीएलने घालून, तो गठ्ठा ऊब आणि निर्वाताने साच्यावर वाकवून घेता येतो. यात रोलरला कोपऱ्यात उतरावंच लागत नाही. थर घसरताना सुरकुती पडू नये, एवढं सांभाळावं लागतं.

तरीही एएफपीकडे मन ओढत असेल, पार्ट दोन-तीन मीटरहून लांब असेल, डिझाइन गोठलेलं असेल आणि ऑर्डर काही वर्षांची असेल, तर विकणाऱ्याच्या प्रयोगशाळेत चाचणी मागा. तिथे सपाट पॅनेल पाठवू नका, तुमच्या पार्टचा सगळ्यांत अवघड कोपरा असलेला साचा पाठवा. सोबत आपला सगळ्यांत जुना कारागीर न्या आणि घड्याळ मशीन सुरू झाल्यापासून शेवटचा थर तपासून होईपर्यंत चालू ठेवा, मध्ये रीळ बदलतानाही.