जपानी टिश्यू: मोडी कागदांना कोणता चालतो?

जपानी टिश्यू म्हणजे कोझोच्या, म्हणजे जपानी तुतीच्या सालीपासून केलेला पातळ कागद. पेशवे दफ्तरात रुमालांत बांधून ठेवलेले असतात तसले मोडी कागद सांधायचे तर याला तोड नाही. तंतू लांब, त्यामुळे पातळ असूनही पकड घट्ट, आणि अक्षरांवर लावला तरी मजकूर वाचता येतो. आयातीचा म्हणून महाग, एवढंच.

दर चौरस मीटरला ५ ग्रॅमचा अक्षरांवर, ९ ते ११ ग्रॅमचा फाटक्या कडांना. एकच परवडत असेल तर ९ चा घ्या. ५ चा ओल्या ब्रशला चिकटून गोळा होतो आणि नवख्याचे ताव फुकट जातात. ‘राइस पेपर’ म्हणून दुकानात मिळतो तो बहुतेकदा हा नव्हेच. फाडून बघा: कोझोच्या कडेला लांब तंतू लोंबतात. अतिनील टॉर्चखाली निळाशार चमकला तर त्यात उजळपणाचं रसायन आहे, घेऊ नका.

कात्री लावायची नाही. ओल्या ब्रशने रेघ मारून हाताने ओढला की मऊ, तंतुमय कड येते. सरळ कापलेल्या कडेशी जुना कागद दुमडतो आणि पुन्हा तिथेच तुटतो. फाटीच्या दोन्ही बाजूंना ३-४ मिलिमीटर पट्टी पुरे.

खळीसाठी गव्हाचा शुद्ध स्टार्च १ भाग, पाणी ५ भाग. मंद आचेवर अर्धा तास ढवळत शिजवून, गार झाल्यावर बारीक चाळणीतून दोनदा काढायची आणि पाणी घालून साईइतकी सैल करायची. कुरडयांचा चीक घरात आहे म्हणून तो वापरू नये. आंबवलेला असल्याने आम्लधर्मी असतो. मैद्यात ग्लुटेन राहतं, त्यावर कसर तुटून पडते. खळ फार पातळ झाली तर पाणी पसरतं आणि डागाची तपकिरी कड उमटते. पट्टी चिकटवली की वर न विणलेलं पॉलिस्टर कापड, टिपकागद, काच आणि वजन. टिपकागद १० मिनिटांनी बदलायचा. पुण्याच्या पावसाळ्यात दाब रात्रभर ठेवावा. ओलसर कागद रुमालात बांधला की बुरशी ठरलेली.

काजळीची शाई एका अक्षरावर ओल्या टिपकागदाने तपासून मगच पुढे जा. इंग्रजी अमदानीतल्या लोहयुक्त शाईला मात्र ही ओली खळ नकोच: पाण्याबरोबर लोह पसरतं आणि शेजारचा कागदही जळतो. तिथे जिलेटिन लावून सुकवलेला टिश्यू जेमतेम दमट करून बसवतात.

कसरीची मोठी भोकं एकट्या टिश्यूने भरत नाहीत, तिथे जाडी लागते. त्याला पुण्यातल्या शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा सुती कागद, रंग जुळवून, जास्त बरा.