केप मेचं लाकडी घर: चौदा महिन्यांनंतर (मुख्यतः खिडक्यांबद्दल)

परवा रात्री दोनला माडीवरची, वर सरकवून उघडायची खिडकी धाडकन खाली आली. काच वाचली, झोप गेली. ही चौथी. म्हणून लिहायला बसलोय.

न्यू जर्सीतल्या एडिसनहून गार्डन स्टेट पार्कवे या महामार्गाने दक्षिणेला शून्य मैलापर्यंत गेलं की समुद्रकाठचं केप मे गाव. 1878च्या आगीत गावाचा मोठा भाग जळाला आणि या लोकांनी परत लाकडाचीच घरं उभी केली! आमचं त्यातलंच. व्हरांडा, कातीव नक्षी सगळ्यांनी फोटोत पाहिलंय, ते सोडून देतो. रंगाचा खर्च विचारू नका, खारा वारा समुद्राकडची भिंत सोलून काढतो. त्यात जुन्या रंगात शिसं असणार हे धरूनच चालायचं, म्हणजे कोरडं घासणं बंद.

पण खिडक्या! बावीस आहेत, प्रत्येकीला एकावर एक दोन तावदानं. पहिली पडली तेव्हा कंत्राटदार बोलावला. तावदान ज्या दोरीवर तोललेलं असतं तिच्याकडे त्याने बघितलंही नाही. म्हणाला, सगळ्या काढून प्लास्टिकच्या बसवू, एकीचे अकराशे डॉलर. मी चहासुद्धा विचारला नाही. शिवाय 1976पासून अख्खं गाव राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा, बाहेरून दिसणारं काही बदलायचं तर गावाच्या वारसा समितीची परवानगी लागते. त्या समितीला मी सहा महिने शिव्या घातल्या. आता परत घेतो.

कारण शेजारच्या म्हाताऱ्या सुताराने चौकटीच्या बाजूची एक फळी उचकटून दाखवली. आत पोकळी, आणि तिच्यात वरवंट्याएवढं बिडाचं वजन पडलेलं. दोरी कप्पीवरून जाते, एका टोकाला तावदान, दुसऱ्याला हे वजन. तोल साधला की तावदान बोटाने वर जातं आणि सोडाल तिथे थांबतं. आमची दोरी कुजली होती, बस्स. सुती दोरीची गुंडाळी चौदा डॉलरला मिळाली. पहिल्या खिडकीला अख्खा रविवार गेला, परवाचीला चाळीस मिनिटं.

आणि वरचं तावदानही खाली सरकतं, हे मला वर्षभर माहीतच नव्हतं! रंगाचे थर बसून चिकटलं होतं. ते सोडवलं. आता गरम हवा वरून बाहेर, समुद्राची खालून आत. जुलैत एसी फक्त नऊ दिवस लावला. (बायकोच्या मते बारा.)

उरलेल्या दोरीवर मागच्या व्हरांड्यात टॉवेल वाळतायत. समितीने अजून हरकत घेतलेली नाही.