पाड्यावरचा सोलर संच, बारा दिवसांचं प्रशिक्षण आणि चार स्क्रू: दहा महिन्यांनंतर

मध्ये खिळी असलेला सहा टोकी स्टार स्क्रू. धडगाव तालुक्यातल्या पाड्यावर बसवलेल्या या सोलर संचाबद्दल खरं तर एवढंच लिहून थांबता आलं असतं. पेटीच्या झाकणाला असे चार आहेत. टी-१० मापाचा, टोकाला भोक असलेला बिट, म्हणजे पेचकसाचं सुटं टोक, असल्याशिवाय ते फिरत नाहीत. आणि दुरुस्ती शिकवून बचत गटाच्या बायकांना जी हत्यारांची पिशवी दिली, तिच्यात तीन पेचकस, पक्कड, मल्टिमीटर, सोल्डरिंग गन सगळं आहे, हा बिट तेवढा नाही. वर झाकणाच्या सांध्यावर स्टिकर: फाटला तर वॉरंटी गेली. दुरुस्ती शिकवायची आणि पेटी उघडायची नाही, हा काय प्रकार आहे?

संच ओळखीचाच आहे. ४० वॉटचं पॅनल, १२.८ व्होल्ट १२ अँपिअर-तासांची लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी आणि तिचं चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर एकाच पेटीत, ५ वॉटचे तीन दिवे, मोबाइलसाठी यूएसबी. हिशोबही बसतो. तीन दिवे पाच तास म्हणजे ७५ वॉट-तास, दोन मोबाइलचे २५ धरा, झाले १००. स्वच्छ उन्हात पॅनल १३० च्या आसपास देतं. झड लागली की हेच पॅनल दिवसाला २५-३० वर येतं. मग चुलीजवळचा एकच दिवा आणि एकच मोबाइल. हे ज्या घरात सांगितलं होतं, तिथे जुलै-ऑगस्टही निभावले. ज्या घरात कुणीतरी बाजारातून डीसी पंखा आणून जोडला, तिथे रात्री नऊलाच अंधार. १५ वॉटचा पंखा आठ तास चालला तर एकटाच १२० वॉट-तास खातो.

दिवाळीपर्यंत या बॅटरीबद्दल चांगलंच लिहिलं असतं. होळीला चित्र पालटलं. दिवाळीनंतर इथली घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात. चोरीच्या भीतीने पेटी काढून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवतात, पॅनल छपरावरच राहतं. होळीला परत आल्यावर पेटी जोडली, तर या घरांमधल्या जवळपास सगळ्याच पेट्या मेलेल्या. एकही लाइट नाही, पॅनलवर ऊन असूनही चार्जिंगचा हिरवा ठिपका नाही. बॅटरीच निकृष्ट, असं तेव्हा ठाम मत झालं होतं. ते मागे घेतो.

दोष बॅटरीचा नाही. पेटीला बटण आहे, पण ते फक्त दिवे बंद करतं. कंट्रोलर आतून जागाच राहतो आणि साधारण १० मिलिअँपिअर पीत राहतो. किरकोळ वाटतं, पण दिवसाला पाव अँपिअर-तास होतो. अर्धी भरलेली बॅटरी पंचवीस दिवसांत रिकामी. मग बॅटरीतलं संरक्षण सर्किट, म्हणजे बीएमएस, बॅटरी वाचवायला तोंड मिटून घेतं आणि बाहेर शून्य व्होल्ट दाखवतं. कंट्रोलरला समोर बॅटरी दिसत नाही, म्हणून तो पॅनलचा करंटही आत घेत नाही. दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात.

जागं करणं सोपं आहे. चालू पेटीतली भरलेली बॅटरी घ्यायची, लाल वायरीत करंट आवरायला १० ओहम १० वॉटचा रेझिस्टर घालायचा, प्लसला प्लस आणि मायनसला मायनस असं अर्धा-एक मिनिट टेकवायचं. मल्टिमीटरवर ११ च्या वर आकडा आला की झालं. खर्च रेझिस्टरचा, म्हणजे चहापेक्षा कमी. पण त्यासाठी झाकण उघडावं लागतं. म्हणजे पुन्हा ते चार स्क्रू. पुरवठादाराचं उत्तर असं की पेट्या सर्व्हिस सेंटरला पाठवा, भाडं तुमचं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

मग बिट सेट आणला. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे असतो तोच. स्टिकर फाडले. वॉरंटी गेली आणि पेट्या सुरू झाल्या. जोडताना क्रम चुकवू नका: आधी बॅटरी, मग पॅनल, शेवटी दिवे. काढताना उलटा. पॅनल आधी लावलं तर त्याचं २१-२२ व्होल्ट मोकळं दिव्यांवर जाऊ शकतं.

पुढच्या हंगामासाठी ठरलंय ते असं: परगावी जाणाऱ्यांनी पेटी ट्रंकेत न ठेवता प्रशिक्षित बाईकडे ठेवायची. तिने दर पंधरा दिवसांनी प्रत्येक पेटी एक दिवस पॅनलला जोडून भरायची.

फ्यूजचंही तेच रडगाणं. उंदराने दिव्याची वायर कुरतडली की शॉर्ट होतो, आतला १० अँपिअरचा फ्यूज जातो, आणि तो बोर्डला सोल्डर केलेला आहे! यावरचा तोडगा मात्र उत्तम चालला. प्रत्येक दिव्याच्या वायरीत पेटीबाहेर २ अँपिअरचा काचेचा फ्यूज होल्डरसकट घाला. दिवा अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही, त्यामुळे एरवी तो जात नाही. शॉर्ट झाला की बाहेरचाच आधी उडतो. काचेचा मिळाला नाही तर मोटरसायकलचा ५ अँपिअरचा ब्लेड फ्यूजही भागवतो.

आता प्रशिक्षण. केंद्र सरकारच्या सूर्यमित्र या सोलर तंत्रज्ञांच्या अभ्यासक्रमाला दहावी आणि आयटीआय मागतात. या पाड्यावरच्या बायका तिथे दारातच अडतात. उलट राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजात जेमतेम अक्षरओळख असलेल्या बायका सहा महिन्यांत रंगांच्या खुणांवरून सर्किट बसवायला शिकतात, त्यामुळे अडचण शिक्षणाची नाही. इथले बारा दिवस अपुरे असले तरी वाया गेलेले नाहीत. सोल्डरिंग बायकांच्या हातात बसलंय. एलईडी तपासायला मल्टिमीटरही लागत नाही, तीन व्होल्टचा बटण सेल टेकवला की चांगला ठिपका मिणमिणतो. दिव्यातल्या पट्टीवर तीन-तीन एलईडी एका माळेत असतात, एक गेला की तिन्ही विझतात. पट्टी ॲल्युमिनियमची असल्याने उष्णता पळते आणि २५ वॉटची गन हात टेकते. बायकांनी पट्टी आधी तव्यावर कोमट करून घ्यायची युक्ती काढली. हे पुस्तकात नव्हतं.

आणि ती गन २३० व्होल्टची! जिथे मेन लाइन नाही म्हणून सोलर दिलं, तिथे भिंतीतल्या प्लगवर चालणारी गन. तिच्या जागी १२ व्होल्टची ४० वॉटची गन घेतली. वीस मिनिटांच्या कामाला बॅटरीतून जेमतेम एक अँपिअर-तास जातो.

कौलावर पॅनल दक्षिणेकडे, एका फुटाला पाच इंच चढ. हे बरोबर शिकवलंय. वायर मात्र अर्ध्या चौरस मिलिमीटरची दिली, ती कंजुषी एप्रिलमध्ये नडते. तापलेल्या पॅनलचं व्होल्टेज १८ वरून १५ च्या आसपास उतरतं. दहा मीटर वायरीत, जाऊन-येऊन, आणखी दीड व्होल्ट जातं. उरतं साडेतेरा, आणि बॅटरी पूर्ण भरायला १४.४ लागतं. म्हणून ऐन उन्हाळ्यात, रणरणत्या उन्हात, बॅटरी अर्धवट. दीड चौरस मिलिमीटरची वायर घातली की वायरीतली तूट अर्ध्या व्होल्टवर येते. पॅनलखाली वारा खेळायला चार इंच जागा सोडली तर तेही उपयोगी. पॅनल धुवायचं ते सकाळी, काच गार असताना. ३६ सेल एका माळेत असतात. त्यातल्या एकावर कावळ्याने घाण केली तरी सगळं पॅनल मंदावतं.

पैशांबद्दल बारा दिवसांत कुणी अवाक्षर काढलं नाही. बॅटरी तीन हजारांच्या घरात जाते. पाच वर्षांत ती बदलायची तर प्रत्येक घराने महिन्याला ५० रुपये बाजूला टाकायला हवेत. दुरुस्ती करणाऱ्या बाईची मजुरी आणि फ्यूज-वायरीचा साठा वेगळा. आता गटाच्या वहीत याचं स्वतंत्र पान आहे. लग्नसराईत त्याला हात लागतो, मग आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, वसुली.

घ्यावा का हा संच? दिवे चांगले आहेत, बॅटरीही, हे आता मान्य. पण खरेदीच्या कागदावर दोन ओळी वाढवून घ्या: फ्यूज पेटीबाहेर हवा, आणि झाकणाला साधे फुलीचे स्क्रू. दुसरी अट पुरवठादाराने अजून मान्य केलेली नाही. तोवर तो टी-१० चा बिट इथे गटाच्या वहीला दोऱ्याने बांधलेला आहे. एकदा हरवला, तर शहाद्याच्या बाजाराची फेरी पडली होती.