घरघंटी, प्लगमधला वॉट मीटर आणि नऊ महिन्यांचा हिशेब

ऑगस्टमध्ये हा प्लगमध्ये खोचायचा मीटर 1,150 रुपयांना घेतला. व्होल्ट, अँपिअर, वॉट, पॉवर फॅक्टर आणि युनिट दाखवणारा, 16 अँपिअरचा. तुम्ही पाहिलाच असेल. घेतला एकाच कामासाठी. आमच्या घरघंटीवर वरच्या मजल्यावरच्या जाऊबाईंचंही दळण होतं, पण वीजबिल आमच्या मीटरवर येतं. त्यांचा वाटा अंदाजाने न घेता मोजून घ्यावा, एवढंच मनात होतं.

पहिल्यांदा इस्त्री लावून पाहिली. 229 व्होल्ट, 4.3 अँपिअर. गुणाकार 985, पडद्यावर वॉटही 985, पॉवर फॅक्टर 1.00. मीटर चोख आहे म्हणून समाधान वाटलं.

मग घरघंटी लावली, दाणे न टाकता. 231 व्होल्ट, 4.1 अँपिअर. गुणाकार 947 यायला हवा आणि मीटर वॉट दाखवतोय 340! तीनदा बघितलं. विक्रेत्याला फोन केला, तर "मॅडम, रीसेट करा." रीसेट केला, तेच. बदलून द्या म्हटलं तर चार दिवस उत्तर नाही. मग आठवड्याच्या वापरानंतर त्यांच्याकडे दोन तारे देऊन "वॉट चुकीचे दाखवतो" असं लिहिलं. ते मी आता मागे घेतलंय.

कारण दिवाळीत धाकटे भाऊजी आले होते. त्यांनी आयटीआयमधून वायरमनचा ट्रेड केलाय. म्हणाले, "वहिनी, मीटर बरोबर आहे. गुणाकार अर्धवट आहे." परातीत पीठ पडलं होतं, त्यावर त्यांनी बोटाने एक आडवी रेघ ओढली आणि तिच्यावर एक लाट काढली, ती व्होल्टेजची. मग तशीच दुसरी लाट जरा मागून येणारी, ती करंटची. जिथे दोन्ही लाटा रेघेच्या एकाच बाजूला, तिथे मोटर वीज घेते. जिथे एक वर आणि एक खाली, तिथे मोटरच्या चुंबकत्वात साठलेली वीज परत लाईनला जाते. आपल्याकडे 50 हर्ट्झचा पुरवठा असल्याने ही ये-जा सेकंदाला 100 वेळा होते. तारेतून करंट खरोखर वाहतो, अँपिअर खोटे नाहीत, पण त्यातला बराचसा नुसता ये-जा करणारा. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे व्होल्ट-अँपिअर. त्यातला किती भाग खरा कामी येतो ते पॉवर फॅक्टर सांगतो, त्याने गुणलं की वॉट. 947 गुणिले 0.36, झाले की 340! इस्त्रीत नुसती तार तापते, तिथे दोन्ही लाटा बरोबर चालतात, म्हणून तिचा गुणाकार सरळ जुळला होता.

मग गहू टाकून पाहिलं. 229 व्होल्ट, 5.1 अँपिअर, पॉवर फॅक्टर 0.81, वॉट 945. अँपिअर फक्त एकाने वाढला आणि वॉट पावणेतीनपट झाले. नुसता अँपिअर बघून मोटरचा खर्च काढणाऱ्यांनी हे एकदा तरी करून बघावं.

घरगुती बिलात पैसे वॉटचे, म्हणजे युनिटचे लागतात, व्होल्ट-अँपिअरचे नाहीत. सहा किलो गव्हाला आमच्याकडे 50 मिनिटं लागतात, 0.79 युनिट. मीटरवर विश्वास नव्हता म्हणून मी तोवर गुणाकाराने जवळजवळ एक युनिट धरत होते. म्हणजे जाऊबाईंच्या महिन्याच्या 24 किलोला आठ रुपये जास्त घेत होते. रक्कम लहान आहे, पण ती माझ्याकडून चुकीची घेतली गेली. तीन महिन्यांचे 24 रुपये त्यांना परत दिले.

आता या मीटरचा खरा दोष. पडद्याला दिवा नाही! आमचा सॉकेट बाल्कनीत, गुडघ्याच्या उंचीवर, घरघंटीच्या मागे. वाकायचं, मोबाईलची बॅटरी लावायची, तर काचेवर उजेड चमकतो आणि आकडा दिसत नाही. त्यावर पिठाची भुकटी बसते, ती पदराने पुसायची. एका वेळी एकच आकडा दिसतो, पुढचा बघायला बटण दाबायचं, आणि एकदा जास्त दाबलं की पुन्हा पाच फेऱ्या. 1,150 रुपयांत एक बारीक दिवा बसत नव्हता का? नऊ महिने रोज मला याचाच राग आला आहे.

तरीही मे महिन्यात याच मीटरने पैसे वाचवले. घरघंटी दाणे टाकल्यावर गुरगुरायची, मंद व्हायची आणि ओव्हरलोडचं बटण उडायचं. मेकॅनिक म्हणाला, वाइंडिंग गेलं, 1,900 रुपये. मोटर त्याच्या हाती देण्याआधी मी मीटर लावला. घरघंटी बंद असताना 228 व्होल्ट. चालू करून दाणे टाकले की 204, आणि करंट 5.6. तीच घरघंटी चाकांवर ढकलत स्वयंपाकघरातल्या पॉवर प्लगला नेली, तर 226 व्होल्ट, 5.1 अँपिअर, मस्त दळण. म्हणजे दोष मोटरचा नव्हताच, बाल्कनीतल्या बोर्डाचा होता.

भाऊजींनी मेन स्विच बंद करून बोर्ड उघडला. फेजचा स्क्रू ढिला, तारेचं आवरण काळं पडलेलं, सॉकेटचं प्लास्टिक मऊ होऊन वाकलेलं. 24 व्होल्ट वाटेत पडत होते. 24 गुणिले 5.6 म्हणजे कमीत कमी 134 वॉट त्या स्क्रूच्या आसपास जळत होते. मोटरच्या लाटा मागेपुढे असल्यामुळे खरा आकडा याहून जास्तच. जुना 100 वॉटचा पिवळा दिवा हाताला किती चटका देई ते आठवा, आणि तेवढ्याहून जास्त उष्णता भिंतीतल्या बंद डब्यात. त्याच भिंतीला टेकवून मी गव्हाची गोणी ठेवते. नवा सॉकेट 120 रुपयांना आला.

फोनच्या चार्जरसारख्या बारीक वस्तूंसाठी हा मीटर घेऊ नका, तिथे तो सरळ शून्य दाखवतो. मोटरची कुठलीही वस्तू असेल तर जरूर घ्या, पण पॉवर फॅक्टर दाखवणाराच. दोन ताऱ्यांचे आता चार केले आहेत. पाचवा दिव्यासाठी ठेवलाय. जाऊबाईंना पाण्याच्या पंपासाठी असाच हवाय. त्यांना उजेडाच्या पडद्याचाच शोधून देणार आहे, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.