अन्नपूर्णा बेस कॅम्पच्या वाटेवरचं ताट : लातूरच्या एका मेसवालीचा अभिप्राय

नेपाळमधल्या अन्नपूर्णा बेस कॅम्पच्या वाटेवर, वरच्या लॉजमध्ये एका दालभाताचे नेपाळी हजार रुपयांच्या आसपास मोजावे लागतात, आणि ते महाग नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण आपल्याकडून गेलेल्या लोकांची पहिली तक्रार हीच असते. "एवढा गरीब देश आणि एवढा भाव?" असं म्हणत चांगली शिकलेली माणसं तिथल्या बायांशी हुज्जत घालताना मी पाहिली. मी लातूरला शिकवणीच्या लेकरांची मेस चालवते. एका सिलिंडरवर किती ताटं निघतात, तांदूळ कोणता फुगतो, वरण कधी वाढवलंय आणि कधी मुळातच पातळ केलंय, हे मला वासावरून कळतं. म्हणून हा अभिप्राय डोंगराचा कमी आणि स्वयंपाकघराचा जास्त आहे. डोंगराचे फोटो तुम्ही पाहिलेलेच असतील.

दिवाळीत लेकरं गावाकडं गेली की मेस बंद. तिकडचा खरा हंगामही ऑक्टोबर-नोव्हेंबरच. भाचा दोन वर्षं मागं लागला होता, "मावशे, चल एकदा," म्हणून. मनमाडहून गोरखपूरची रेल्वे, तिथून शंभरेक किलोमीटर बसनं सुनौली. सीमा पायी ओलांडायची. पाठीवर सॅक घेऊन कमानीखालून चालत गेलो की पलीकडं बेलहिया, आणि घड्याळ पंधरा मिनिटं पुढं. आपल्याला व्हिसा लागत नाही, ओळखीला मतदान कार्ड जवळ असू द्या. भारतीय 100 म्हणजे नेपाळी 160, हा दर 1993 पासून बांधलेला आहे, त्यामुळं "आज भाव उतरलाय" म्हणणाऱ्याला सरळ पुढं व्हा म्हणायचं. आम्ही नोटा शंभरच्याच नेल्या होत्या. बुटवल, पाल्पा करत पोखऱ्याला जाणारा रस्ता नुसता वळणांचा आहे, ज्यांना गाडी लागते त्यांनी सकाळी पोटभर खाऊ नये. धपाटे आणि शेंगाचटणी आम्हाला पोखऱ्यापर्यंत पुरली.

अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचा परवाना पोखऱ्यातच काढला. सार्क देशातल्यांना, म्हणजे आपल्यालाही, नेपाळी 1000, बाकी परदेशी लोकांना 3000. एप्रिल 2023 पासून परदेशी ट्रेकरांना परवानाधारक गाइड सक्तीचा केलाय. आम्ही घेतला होता, आणि नियम नसता तरी घेतला असता. का, ते खोल्यांच्या भानगडीत येईल.

आता लॉज. तिकडं त्याला टी-हाउसही म्हणतात. पद्धत अशी, की खोली ताटाच्या मानानं स्वस्त, पण रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी तिथंच करायची. खोलीवर त्यांचं काही सुटत नाही, सगळा धंदा ताटावर. म्हणून खोली एकीकडं घेऊन जेवायला शेजारी गेलात, तर बाई तोंड वाकडं करणारच. माझ्या मेसमध्ये कुणी रिकामं ताट मांडून बाहेरचा वडापाव खाल्ला, तर मी काय करीन? एका गावातल्या सगळ्या लॉजचं दरपत्रक सारखंच असतं, लॉजवाल्यांची समिती ते ठरवते. घासाघीस करून हाती काही लागत नाही. नुसती शोभा होते.

भाव वर वर का चढतो, ते पायाला कळतं. जीप झिनू गावाच्या अलीकडंच संपते. मग 287 मीटर लांबीचा झुलता पूल, मग छोम्रोंगच्या पायऱ्या. छोम्रोंगची उंची 2170 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा पाचशे मीटरनं जास्त, आणि तिथून आत खरी चढण सुरू होते. तोवर सामान खेचरांवर येतं. पुढं माणसाची पाठ. डोको म्हणजे बांबूची निमुळती पाटी, नाम्लो म्हणजे तिचा कपाळावरून घेतलेला पट्टा. तांदळाचं पोतं, अंड्यांचे ट्रे, रॉकेल, गॅस, सगळं त्याच पट्ट्यावर. 14.2 किलो गॅस आणि वर तेवढंच लोखंड. हा गॅस मुळात आपल्याच देशातून टँकरनं जातो, नेपाळमध्ये निघत नाही. 2015 च्या शेवटी सीमेवर मालाचे ट्रक अडले तेव्हा लोकांनी महिनोन् महिने चुली पेटवल्या, असं छोम्रोंगच्या लॉजवाल्या दिदीनं सांगितलं. वरच्या भागात तेही जमायचं नाही, कारण सरपण तोडायला बंदी आहे. माझ्याकडं सिलिंडर टाकणारा पोरगा दुसऱ्या मजल्याचे वरचे वीस रुपये मागतो. बेस कॅम्प 4130 मीटरवर आहे.

त्यात आणखी एक भानगड, जी मला तिथं गेल्याशिवाय कळली नसती. एवढ्या उंचीवर पाणी 86 अंशांच्या आसपासच उकळतं. बुडबुडे दिसतात, पण डाळ शिजत नाही. कुकर लावावाच लागतो आणि तोही आपल्यापेक्षा जास्त वेळ. म्हणजे जिथं गॅस सगळ्यात महाग, तिथंच तो सगळ्यात जास्त जळतो. मी वाटेतल्या माचापुच्छ्रे बेस कॅम्पच्या स्वयंपाकघरात दारात उभी राहून हे बघत होते, तर आचारी म्हणाला, "आत या, दिदी, बाहेर थंडी आहे." हिंदी बऱ्याच जणांना येते.

चवीचं सांगते. डाळ बहुतेक ठिकाणी मसुराची, आपल्या घट्ट वरणाची सवय असेल तर पातळ वाटेल. फोडणीला काही ठिकाणी जिंबू असतो, वाळवलेली पात, वास लसूण-कांद्याच्या मधला. रायोचा साग म्हणजे मोहरीच्या जातीची पालेभाजी, मिठाशिवाय तिला फारसं काही लावत नाहीत, आणि ती लई चांगली लागते. बटाट्याची भाजी रोज. लोणचं मात्र घरागणिक वेगळं. एका ठिकाणी टोमॅटोच्या चटणीत टिमूर होता, कोकणातल्या तिरफळाचाच भाऊबंद. जीभ बधिर होते आणि भूक वाढते. गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेला पाला, मला आवडला, भाच्याला नाही. छोम्रोंगच्या वर मांस नेत नाहीत, ती देवभूमी मानतात, त्यामुळं माळकरी माणसानं निर्धास्त जावं.

आणि खरी गोष्ट म्हणजे वाढप. आपल्याकडं 'अनलिमिटेड'ची पाटी असते आणि दुसरी पोळी मागितली की वाढपी गायब होतो. इथं वाढणारा पोरगा पातेलं घेऊन स्वतः येतो. भात, डाळ, भाजी, पुन्हा भात. नको म्हणेपर्यंत. तुम्ही एका ताटाच्या भावात दोन ताटं जेवता, तेव्हा तो हजाराचा आकडा पुन्हा एकदा मांडून बघा. भारतीय सहाशे-सव्वासहाशे रुपये होतात. खाली घांद्रुकला हेच ताट बरंच स्वस्त आहे.

सगळीच लॉज अशी नाहीत. बांबू नावाच्या मुक्कामाच्या पुढं एका ठिकाणी (नाव घेत नाही) दुसऱ्या फेरीला डाळीत गरम पाणी ओतलेलं होतं. मला ते पहिल्या घोटात कळलं. गादी ओली, गोधडीला मागच्या दहा जणांचा वास, आणि भिंत एवढी पातळ प्लायची की पलीकडच्याचं घोरणं ऐकत रात्र काढली. मोबाइल चार्जिंगचे पैसे, गरम अंघोळीचे पैसे, वायफायचे पैसे, सगळीकडं वेगळे. अंघोळ वर करूच नका, पैसे वाचतात आणि सर्दीही. उकळलेलं पाणी लिटरवर विकतात, ते मात्र घ्या. आपले काही लोक घरून नूडल्सची पाकिटं आणून "फक्त गरम पाणी द्या" म्हणतात आणि त्याचे पैसे लावले की भांडतात. गरम पाण्यात गॅस नाही तर काय आहे?

मेन्यूकार्डावर पिझ्झा, स्पॅगेटी, मोमो, सगळं छापलेलं असतं. पुण्याच्या एका ग्रुपनं दहा जणांत आठ प्रकार मागवले आणि दीड तास बसून राहिले. दोन शेगड्या आहेत हो तिथं. सगळ्यांनी एकच सांगा आणि चार-साडेचारला सांगा. सहाला सगळे गरम गरम जेवाल.

देउरालीत आम्हाला वाढणारा आचारी गोरखा जिल्ह्याचा होता. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपात त्याचं घर गेलं. मी म्हणलं, मी लातूरची, आमच्याकडं 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारी झालं. त्यानं बाकी काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "तुमच्याकडं लोक पत्र्यात किती वर्षं राहिले?" मी म्हणलं, बरीच. त्याचे दोन भाऊ कतारला आहेत, एजंटाला व्याजानं काढून पैसे भरले आणि आता ते फेडतायत. आमच्याकडं बीड, धारूर, केजची माणसं मुकादमाची उचल घेऊन कोयत्याला जातात, ती आधी घेतात आणि मग फेडतात, इथं आधी भरतात आणि मग फेडतात. फरक तेवढाच. परदेशातून येणारा पैसा त्या देशाच्या एकूण उत्पन्नाच्या पावपटीच्या घरात जातो, असं भाच्यानं नंतर मोबाइलवर वाचून दाखवलं. भाडं, भाव, घासाघीस हे बोलताना एवढं डोक्यात असलेलं बरं.

उंचीबद्दल थोडंच, कारण मी डॉक्टर नाही. तीन हजार मीटरच्या वर एका दिवसात झोपायची जागा साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये असं सांगतात. देउराली 3230 आणि बेस कॅम्प 4130. घाईतले लोक एका दिवसात उडी मारतात आणि रात्री डोकं धरून बसतात. मधे 3700 ला माचापुच्छ्रे बेस कॅम्प आहे, तिथं मुक्काम करा. लॉजवाले लसणाचं सूप पाजतात. सूप चांगलं असतं, गरम असतं, पण त्यानं डोकेदुखी जाते यावर विसंबू नका. डोकं दुखून उलटी व्हायला लागली की खाली उतरायचं, तोच खरा उपाय. हे त्या लॉजवाल्यांनीच आम्हाला निक्षून सांगितलं, आणि सांगितल्यावर त्यांचं एक गिऱ्हाईक कमी होणार होतं, तरी सांगितलं.

खोल्यांची भानगड वरच्या मुक्कामांनाच आहे. माचापुच्छ्रे आणि अन्नपूर्णा या दोन्ही बेस कॅम्पांवर मोजकी लॉज, हंगामात सगळी भरलेली. गाइड आदल्या दिवशी खालून फोन करून खोली धरतो. नियम असूनही ज्यांचा गाइड नव्हता ते जेवणाच्या खोलीत बाकांवर झोपले, आणि तिथं सगळ्यांचे ओले मोजे वाळत असतात. पोखऱ्यात आता आपल्या यूपीआयनं क्यूआरवर पैसे देता येतात, वर मात्र रोख लागते. तिकडं एटीएम वगैरे विसरा.

उतरताना झिनूला एक रात्र राहा, खाली नदीकाठी गरम पाण्याचे कुंड आहेत, गुडघ्यांना बरं वाटतं. तिथल्या लॉजमध्ये आम्ही ढिंडो खाल्ला. कोदोचं, म्हणजे नाचणीचं, पीठ उकळत्या पाण्यात घोटून केलेला गोळा, सोबत साग आणि गुंद्रुकाचं पातळ. ज्वारीची भाकरी न मिळाल्याची चिडचिड त्यानं बरीच कमी झाली. मेन्यूकार्डावर तो बऱ्याचदा नसतो, विचारावा लागतो, आणि आदल्या दिवशी सांगून ठेवावा लागतो. ऐन वेळी मागितला तर ती बाई सरळ नाही म्हणते. मीही तेच म्हणाले असते.